मंदाच्या ऑनर्सचे पेढे

शुक्रवार, १५ जून १९७३
पेढ्यांचा खरा हिशेब. हलवायाचे पैसे किरकोळ, ते विसरलो पण. वर लागलं ते असं: मंदाचं अर्धं जेवण, सौ.चा अबोला, नि माझी झोप.
झालं एवढंच. परवा मंदा कल्याणच्या कॉलेजातून आली. म्हणाली, "सरांनी विचारलंय, केमिस्ट्री ऑनर्सला घेणार की साधं?" पुढचं ऐकायला मी थांबलो कुठे? चप्पल घातली, पेढे आणले, गल्लीभर वाटले. आमची मंदा ऑनर्सला! समोरच्या कारखान्यातले बशीरभाई गळ्यात पडले. "बिटिया ने नाम निकाला, भाऊ!" फार बरं वाटलं. सातवी पास माणूस मी, खारबाव गावाहून सुताच्या कांड्या भरायला आलेला. ऑनर्स म्हणजे काय, हे तिथेच कुणी विचारलं असतं तर पेढा घशात अडकला असता.
मंदाने पेढा घेतला, देवापुढे ठेवला. तसाच आहे.
सौ. तेवढं एकच बोलली: "पोरीला इचारलं का तुमी? का तोंडात पेढा कोंबला नि झालं?"
आज शुक्रवार, आमच्या यंत्रमागांना सुट्टी. सगळी भिवंडी चिडीचूप. त्यात घर माझ्याशी बोलत नाही हे जास्त ऐकू येतं.

रविवार, १७ जून
सकाळी नवीन कारागिरापुढे फुशारकी मारली. "कुठल्या मागाचा धागा तुटला ते मी माडीवर चहा पिता पिता सांगतो. भर मागांत कुणी कुजबुजला तरी ऐकतो. भिवंडीत असा कान दुसरा नाही." खरंच आहे ते.
ऐकायचं नव्हतं तेच दुपारी ऐकलं.
आमच्याकडे घरातलं खाजगी बोलणं मागांच्या धडधडीत, ओरडून. खाली माग, वर आम्ही. दुसरा इलाज नाही. फक्त दिव्यावर एक डोळा ठेवायचा. दिवा मंदावला की तोंड मिटायचं, कारण लाईट गेली की सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबतात आणि शेवटचं वाक्य उघड्यावर पडतं. पण भर दुपार, दिवा लावलेला नव्हता. मी जिन्यात. स्वयंपाकघरात मायलेकी.
लाईट गेली. आणि त्या शांततेत मंदाचा आवाज, अगदी वरच्या पट्टीत: "त्यांच्या पेढ्यांसाठी मी ऑनर्सला मरू का?"
गल्लीत एक चप्पल वाजली नाही. मी जिन्यात तसाच, एक पाय वर.
मग समोरून बशीरभाई, उगाच मोठ्यानं: "अरे, लाइट गई क्या?" आंधळ्यालाही कळलं होतं गेली ते. कुणीतरी म्हणालं, "गई, गई!" पुन्हा बोलणी सुरू. देव त्यांचं भलं करो.
मी पाय न वाजवता खाली आलो. ऐकलंच नाही असं तोंड करून.

मंगळवार, १९ जून
कल्याणला. घरी सांगितलं सूत बघायला चाललोय.
सर भले माणूस. बसवून समजावलं. ऑनर्सची तुकडी निराळी, प्रॅक्टिकल दुप्पट, सगळं इंग्रजीतून आणि भरधाव. साध्यातही विषय तोच, पण चालत चालत. मंदा हुशार, पण मराठी शाळेतली. पहिलं वर्ष अंगावर येईल. आलं तर निभावेलही. "मुलगी स्वतः काय म्हणते?"
सांगायलाच गेलो होतो. शपथ. पण बाकावर शेजारी इस्त्रीचा सदरा बसलेला, त्याचा मुलगा ऑनर्सला. मघाशीच त्याने विचारलेलं, "भिवंडी? म्हणजे मागवाले का?" हसून. वाईट नव्हता हसण्यात. पण...
म्हणालो, "मुलगी तयार आहे, सर."
सर म्हणाले, बरं, शनिवारी तिला येऊन नाव द्यायला सांगा.
रविवारच्या आधी, नकळत केलं असतं तर गोष्ट वेगळी. हे तर ऐकून केलं.
येताना कोन गावाशी बस बंद पडली. तासभर उभा. दुसरं काही मनात येईना.

गुरुवार, २१ जून
गल्लीत कुणी ऑनर्सचं नाव काढत नाही. आधी चहावाला रोज विचारायचा, "भाऊ, डॉक्टरीन होनार का पोर?" आता म्हणतो, "साखर जास्त टाकू?"
सांभाळून घेतायत मला. मार खाल्ला असता तर बरं.
देवापुढच्या पेढ्याला मुंग्या. सौ. झाडत नाही. माझ्यासाठी ठेवलाय.

शुक्रवार, २२ जून
सुट्टी. आज बोललो नाही तर कधीच नाही. हळू बोलायचं तर हाच दिवस.
मंदा माडीवर पुस्तकाला कव्हर घालत होती. म्हणालो, रविवारी ऐकलं मी. वर हेही सांगितलं, की ऐकूनसुद्धा सरांना जाऊन काय बोललो.
कव्हर घालायची थांबली. "सरांना?"
"हो."
"माझ्या नावाने?"
"हो. तू साधं घे. पेढे लोकांनी खाल्ले, पचवले. माझं नाक मी बघतो."
वाटलं रडेल. रागावलीच. "आता सोप्पं झालं होय? बाबा, इतके दिवस मी नको नको करत होते ते तुमच्यावरच्या रागानं, का मला खरंच नको होतं, तेच कळेना झालंय. भीती तर वाटते. पण ती प्रयोगशाळा बघितली ना..."
"मग?"
"मग काय! उद्या मी एकटी जाणार. तुम्ही सूत बघायला यायचं नाही."
सौ. दारात होती. "बरं पकडलं पोरीनं तुमाला," म्हणाली आणि आत गेली. आठवड्यातलं पहिलं वाक्य.

शनिवार, २३ जून
दिवसभर कामात लक्ष नाही. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. बशीरभाईंनी खुर्ची दिली, विचारलं काही नाही.
मंदा चारला आली. मी खाली, सगळे माग चालू. जिना चढता चढता वळली, काहीतरी म्हणाली. एकच शब्द असावा, फार तर दोन. मी सवयीने मान डोलावली. ती हसली आणि वर गेली.
ऑनर्स का साधं, परत विचारावं तर तिला वाटेल, बाबांना पसंत नाही म्हणून विचारतात. सौ.ला विचारलं. "तुमाला सांगितलं की तिनं," म्हणाली.
पेढा देवापुढून उचललेला दिसतोय. कोणी, माहीत नाही.
माग चालू होते. मला ऐकू आलं नाही.