विचारून चाललेली वाट

असोदा, ता. जळगाव
१४ जानेवारी १९८८

चि. बेबा हिस आत्याचे अ. उ. आ.

तुझं कार्ड पोचलं. वकिलीची परीक्षा पास झालीस आणि धुळ्याच्या कोर्टात पितांबर वकिलांच्या हाताखाली बसायला लागलीस, हे मी गल्लीत चार घरी वाचून दाखवलं. बेबा आता काळा कोट घालते म्हटल्यावर भागाबाईनं विचारलं, मग लग्नातही तोच घालणार का. मी म्हटलं, ते तिलाच विचार. पाकिटात चार दाणे तिळगूळ घातला आहे, पोस्टातल्या शिक्क्यानं त्याचा चुरा झाला असेल तर चुरा खा.

आता पत्राचं खरं कारण. नाल्याकडच्या आपल्या केळीच्या वावरात जायची गाडीवाट तुला आठवत असेल, लहानपणी तिथं तू गाडीतून पडली होतीस. ती वाट धनसिंग नानांच्या शेतातून जाते. नानांनी दिवाळीत ते शेत जळगावच्या सोहनलाल शेठना विकलं आणि ते भुसावळला मुलाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला गेले. शेठनी परवा वाटेवर तारेचं कुंपण घातलं. मी भेटायला गेले तर त्यांनी खुर्ची दिली, चहा पाजला आणि गोड आवाजात सांगितलं, की खरेदीखतात वाटेचा शब्दही नाही, इथं गोडाऊन बांधायचं आहे. माणूस उद्धट असता तर भांडले तरी असते.

दुसऱ्या अंगाला नाला आहे, तिथून गाडी निघत नाही. अडीच हजार खोडं कापणीला आली आहेत. महिनाभरात घड बाहेर निघाले नाहीत तर खोडावरच पिकून गळतील. आणि प्रश्न यंदाचाच नाही. वाटच गेली तर वावर असून काय करू? ह्यांनी एकसष्ट साली ते घेतलं आणि हे गेल्यावर त्या वावरानंच मला उभं ठेवलं.

जळगावचे जीवराम वकील म्हणतात दावा लावू. त्यांनी वहिवाट, सुखाधिकार, मनाई हुकूम असे शब्द माझ्यापुढे टाकले आणि मी सगळं समजल्यासारखी मान हलवून आले. सातवी पास बाई मी, पण एक अक्षर कळलं नाही. तू साध्या मराठीत लिही. वकिली थाट नको.

तुझ्या बापाला आशीर्वाद सांग आणि तुझी माया इकडे वाहती ठेव.

तुझी,
ताईबाई आत्या

धुळे
२० जानेवारी १९८८

ती. आत्यास बेबाचा शि. सा. न. वि. वि.

तिळगुळाचा चुराच झाला होता, पण गोड होता. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कारण कॉलेजात जे पाठ करून पास झाले, ते तुझ्या पायाखाली सत्तावीस वर्षं होतं हे मला आजच कळलं.

वहिवाट म्हणजे नुसता वापर, रोजची ये-जा. आणि सुखाधिकार म्हणजे असं, की जमीन दुसऱ्याचीच राहते, तिच्यातल्या एका ढेकळावरही तुझी मालकी नाही, पण तुझं वावर नीट वापरता यावं म्हणून त्या जमिनीवरून जायचा हक्क तुला आहे. हा हक्क कागदानं मिळतो, तसाच कागदाशिवायही मिळतो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुणी न अडवता, मध्ये खंड न पडता, आपला हक्क म्हणून वीस वर्षं चाललीस की वाट तुझी. विकत घेणारा माणूस जमिनीबरोबर ते ओझंही विकत घेतो, मग खरेदीखतात शब्द असो नसो.

आत्या, विचार कर. तू डोक्यावर न्याहारीची पाटी घेऊन गेलीस, बैल हाकत गेलीस, आतोबांना ताप आला तेव्हा रडत गेलीस, आणि तू चालत होतीस तेव्हा कायदा मुकाट्यानं एकेक वर्ष मोजत होता. पुस्तकात ही दीड ओळ आहे. ती लिहिणाऱ्यानं आपल्यासारख्यांना कुठं पाहिलं होतं कोण जाणे.

मनाई हुकूम म्हणजे निकाल लागेपर्यंत कोर्टानं शेठना सांगायचं, की वाट अडवू नका. त्याला 'जैसे थे' असंही म्हणतात, म्हणजे भांडण सुरू व्हायच्या आधी जसं होतं तसंच राहू दे. तो लवकर मिळतो. तुझे घड वेळेत निघतील. कोर्टाच्या कागदावर तुझ्या नावापुढे 'वादी' लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ भांडकुदळ नव्हे, दाद मागणारी.

दादांना तुझा आशीर्वाद सांगितला, ते बरे आहेत. तू जेवत जा, आणि आशीर्वादाचा हात माझ्या डोक्यावर असाच असू दे.

तुझी,
बेबा

असोदा
३ मार्च १९८८

चि. बेबा हिस अ. उ. आ.

मनाई हुकूम मिळाला. शेठचे लोक आले, तार गुंडाळली आणि बाजूला ठेवली. तेरा दिवसांत सगळी कापणी झाली, गाड्या सावद्याला गेल्या, मालही रेल्वेच्या वाघिणीत चढला. एक कागद काय आला आणि लोखंडी तार बाजूला झाली! मी तो कागद देवापाशी ठेवला होता, पण जीवराम वकिलांनी फाईलला हवा म्हणून परत नेला.

तुझं पत्र वाचून मी संध्याकाळी मुद्दाम वाटेवर जाऊन उभी राहिले. चाकोऱ्या बघितल्या. इतकी वर्षं ती माती आहे एवढंच मला माहीत होतं. मग लाज वाटली, आपण उगाच भावुक होतो म्हणून, आणि घरी येऊन भाकरी टाकल्या.

एक गोष्ट मात्र तुला विचारायची राहिली. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला, आपल्या अखाजीला, मी सांजोऱ्यांचं ताट घेऊन नानांकडे जायची आणि म्हणायची, नाना, यंदाही तुमच्या शेतातून जाऊ द्या. माझ्या सासूबाईंनी लावलेली रीत. दुसऱ्याच्या मातीवर पाय ठेवायचा तर वर्षातून एकदा तरी विचारावं, असं त्यांचं म्हणणं. सत्तावीस अखाज्या मी चुकवल्या नाहीत. जीवराम वकिलांना सांगितलं तर ते एकदम म्हणाले, ताईबाई, हे पुन्हा बोलू नका. मी चांगुलपणाचीच गोष्ट सांगत होते, त्यांना काय झालं? शपथपत्रात ते लिहायला हवं होतं, नाही का?

उत्तर लवकर टाक. आमच्यावरचा लोभ उन्हाळ्यात आटू देऊ नकोस.

तुझी,
आत्या

धुळे
९ मार्च १९८८

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. आत्या, आधी नीट समजून घे.

ज्याला विचारावं लागतं, त्याला नाही म्हणायचाही अधिकार असतो, असं कायदा धरतो. म्हणून परवानगी मागून शंभर वर्षं चाललीस तरी ती मालकाची मेहेरबानी, तो उद्या बंद करू शकतो. न विचारता वीस वर्षं चाललीस तर हक्क. जो न विचारता गेला त्याची वाट झाली, आणि तू ताट घेऊन गेलीस म्हणून तुझी जाईल. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. तेव्हा ते केवढं शहाणपणाचं वाटलं होतं! आता मला त्या पुस्तकाची भीती वाटते.

पितांबर वकिलांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, बाईनं हे कोर्टात सांगितलं तर दावा बुडाला.

शपथपत्र म्हणजे देवाची शपथ घेऊन लिहिलेला कागद, खोटं निघालं तर शिक्षा आहे. त्यात खोटं काही लिहिलेलं नाही, एवढी एक गोष्ट वगळली आहे. पुढे तुझी साक्ष होईल. शेठचे वकील उलटतपासणी घेतील, म्हणजे तुझ्या बोलण्यातली फट शोधायला तुलाच प्रश्न विचारतील. त्यांनी अखाजीचं काढलं नाही तर तू काढू नकोस. काढलंच, तर आठवत नाही म्हण. आत्या, हे लिहिताना मला स्वतःचीच किळस येते, पण तुझं वावर जाताना मला बघवणार नाही.

वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक. रागावलीस तरी माझ्यावरचं प्रेम कमी करू नकोस.

तुझी,
बेबा

असोदा
२७ जुलै १९८९

चि. बेबा हिस अ. उ. आ.

नुसत्या साक्षीलाच दीड वर्ष लागेल असं तू आधी सांगितलं असतंस तर मी तुला हसले असते. अखेर काल माझी साक्ष झाली.

शेठच्या वकिलांनी गाडी किती बैलांची, नाला किती खोल, असं काहीबाही विचारलं. मी पटापट सांगितलं. मग त्यांनी सहज, फाईल मिटता मिटता विचारलं, की कधी कुणाची परवानगी घेतली होती का. त्यांना काही माहीत नव्हतं, बेबा. अंधारात खडा टाकून बघितला. जीवराम वकील माझ्याकडे टक लावून बघत होते. तुझं पत्रही डोळ्यांपुढे आलं. आणि मी सांगून टाकलं, की हो, दरसाल अखाजीला विचारत होते, सांजोऱ्या घेऊन. टाईप करणारा बाबू थांबून माझ्याकडे बघायला लागला.

जीवराम वकील बाहेर आल्यावर फाईल काखेत मारून निघून गेले. मी एकटीच बसनं घरी आले आणि वाटभर पदराआड रडले. वावर जाईल याचं रडू होतं, खोटं कशाला सांगू? पण आठवत नाही कसं म्हणू? माझ्या सासूनं शिकवलेली एकच गोष्ट मी आयुष्यभर न चुकता केली. ती केलीच नाही म्हणून वाट मिळवायची, तर रोज तिच्यावरून गाडी न्यायला मला तोंड राहिलं नसतं.

तुझं पत्र मी तेव्हाच चुलीत घातलं. तुझ्यावर रागावले नाही, तू मायेनं लिहिलंस हे मला कळतं. फक्त पुन्हा असं कुणाला लिहू नकोस. तुझा हात अजून कोवळा आहे.

आता शेठचे वकील नानांना साक्षीला बोलावणार आहेत. मी विचारत होते हे त्यांच्या तोंडून वदवून घेतलं की झालं. तुझ्या आईला लोणच्याची कृती पुढच्या पत्री लिहीन. आठवण ठेव.

तुझी,
आत्या

धुळे
२ ऑगस्ट १९८९

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

काय लिहू? मला माझी लाज वाटते आणि तुझा अभिमान वाटतो. तुझं पत्र मी पितांबर वकिलांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, तीस वर्षांत असं उत्तर देणारा पक्षकार मी पाहिला नाही. मग म्हणाले, दावा मात्र गेल्यात जमा आहे.

हरलो तर वरच्या कोर्टात अपील करता येतं, म्हणजे निकाल पुन्हा तपासून घ्यायला मागता येतो. शेठना विनंती करून वाटेपुरती पट्टी विकतही मागता येईल. मी काहीही करीन. तू फक्त धीर सोडू नकोस आणि मला तुझीच समज.

तुझी,
बेबा

असोदा
११ एप्रिल १९९०

चि. बेबा हिस अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच. बाजूला पाण्याचा तांब्या ठेव.

फेब्रुवारीत नानांची साक्ष झाली. खूप थकले आहेत, काठी टेकत आले. शेठच्या वकिलांनी विचारलं, ताईबाई दरवर्षी तुमच्याकडे येऊन परवानगी मागायच्या का. नाना म्हणाले, हो. एकही वर्ष न चुकता? हो. वकील हसून खाली बसले. माझ्या डोळ्यांसमोरून सगळं वावर गेलं.

तेव्हा न्यायाधीश साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि स्वतः विचारलं, की यावर तुम्ही काय उत्तर द्यायचात? बेबा, दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. जीवराम वकिलांनी नाही, शेठच्या वकिलांनी नाही, तू नाही. सगळे मी काय म्हणाले तेच विचारत राहिलात.

नानांनी काठी पुढे घेतली आणि म्हणाले, "दरसाल एकच सांगे साहेब. बाई, वाट तुमचीच हाये, मले काय इचारता? माह्या बापाच्या आधीची वाट हाये ते. नाही म्हनाचा मले हक्क कुठं व्हता?"

 साहेबांनी ते वाक्य नानांच्याच बोलीत जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. शेठचे वकील उठले, पण साक्षीदार त्यांचाच, त्याला खोटा कसा म्हणतील?

काल निकाल लागला. हुकूमनामा माझ्या बाजूनं झाला, म्हणजे आता ही वाट कोर्टाच्या शिक्क्यानिशी आपल्या वावराची. साहेबांनी लिहिलं आहे, की बाईचं विचारणं ही परवानगी नव्हती, मालकानं हक्क आधीच मान्य केला होता. जीवराम वकिलांनी मला ते दोनदा वाचून दाखवलं. सोहनलाल शेठ बाहेर भेटले, नमस्कार केला आणि म्हणाले, गोडाऊन चार हात मागे घेतो.

आता तुला एक गोष्ट सांगते, ती कोर्टाच्या कागदात नाही. नानांची साक्ष झाली त्या दिवशी मी त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, की नाना, तुम्ही दरसाल ते खरंच मनापासून म्हणायचात?  मग त्यांनीच मला विचारलं, की ताईबाई, तुम्ही खरंच विचारायला यायच्या? मी म्हटलं, हो, खरंच. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की मी रीत म्हणून विचारते, आणि मला वाटत होतं की ते रीत म्हणून 'वाट तुमचीच' म्हणतात. सत्तावीस वर्षं आम्ही एकमेकांना खरं तेच सांगत होतो आणि ते ऐकायला तिसऱ्या माणसाला पेन खाली ठेवावं लागलं. आम्ही दोघं म्हातारे तिथं बसून लहान पोरांसारखे रडलो.

इकडे सगळं ठीक आहे. जिवाला जप आणि आत्याला विसरू नकोस.

तुझी,
ताईबाई आत्या