यावच्या आवाजाची वाटणी

मी, स्नेहलता याव आन्टवी, माहेरची आठल्ये, वय एकाहत्तर, राहणार आल्टोना, हॅम्बर्ग, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. मला कोणी दटावलेले नाही. दटावू शकेल असा एकच माणूस होता, माझा नवरा याव, आणि तो ओल्सडॉर्फच्या दफनभूमीत आहे. नोटार, म्हणजे इथला नोटरी, म्हणाला, जर्मनमध्ये लिहा. म्हटले, मला जर्मनमध्ये रडता येत नाही. भाषांतराचे तो बघून घेईल.

१. घर भाड्याचे आहे, तेव्हा त्याची वाटणी नाही. बँकेतील सर्व शिल्लक व दागिने माझी एकुलती एक मुलगी उर्जा, राहणार म्युनिक, हिला द्यावेत. पाटल्या माझ्या आईच्या आहेत, मोडू नयेत.

२. यावची गिटार उर्जाचा मुलगा ओजस याला द्यावी. त्याला वाजवायची नसेल तर वाजवणाऱ्याला द्यावी. शोभेला भिंतीवर टांगलेली मला चालणार नाही. याव ती घेऊन घानातल्या कुमासीहून इथे आला. आठवडाभर बंदराच्या गोदामात पोती उचलायचा आणि रविवारी एका तळघरातल्या स्टुडिओत गायचा. तिथे ध्वनिमुद्रण मी करत असे. घानाच्या हायलाइफ संगीताची गिटार, खाली जर्मन यंत्राचा ठेका, आणि तिसऱ्या रेकॉर्डमध्ये, त्याला काय सुचले कोण जाणे, आमच्या मंगळागौरीच्या झिम्म्याच्या टाळ्या! मी आणि माझी मैत्रीण विभावरी पदर खोचून मायक्रोफोनसमोर उभ्या. तिकडचे जाणकार म्हणाले, हे हायलाइफ नव्हे. इकडचे म्हणाले, हे डिस्को नव्हे. लोक मात्र दोन्हीकडे नाचले.

३. माझा भाऊ सुधीर, राहणार पुणे, आमच्या लग्नाला आला नाही. पुढे यावचे नाव झाल्यावर सोसायटीच्या गणपतीत फुकट कार्यक्रम मागायला मात्र लाजला नाही. त्याला एकही रेकॉर्ड देऊ नये. विकतही देऊ नये.

४. यावने जाण्यापूर्वी त्याची सर्व गाणी, ध्वनिफिती व त्यांवरील हक्क माझ्या नावे केले. हे सर्व मी यावच्या बहिणीचा, अकोसुआचा, मुलगा क्वामे, राहणार कुमासी, याला देते. उर्जाला देत नाही. त्यांच्यात पुरुषाचा वारसा बहिणीच्या मुलाकडे जातो. या रिवाजावरून मी यावशी जन्मभर भांडले. "म्हणजे माझी पोर उघड्यावर पडू दे का?" असे चारचौघांत विचारायची. आज मीच तो पाळते आहे, कारण क्वामे सही करणार नाही.

कसली सही, ते लिहिते. यावला अर्धांगाचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. त्यानंतर ओजस जन्मला. नातवाला मांडीवर घेऊन याव ओठ हलवायचा, कपाळावर घाम यायचा, आवाज फुटायचा नाही. मग खिडकीकडे तोंड करून बसायचा. नातवाचे नाव न घेताच गेला.

यंदा पाडव्याला उर्जा आली. एका कंपनीला यावच्या जुन्या गाण्यांवरून त्याच्या आवाजात यंत्राकडून नवी गाणी गाऊन घ्यायची आहेत. मी सही द्यायला नकार दिला. तेव्हा तिने फोन पुढे केला. "मामा, हॉर माल," म्हणाली, म्हणजे आई, ऐक तरी. आणि यावचा आवाज म्हणाला, "ओजस."

अगदी तोच हो! माझ्या हातातले श्रीखंडाचे पातेले खाली पडले. ओजस उड्या मारत म्हणाला, "नोखमाल!" म्हणजे पुन्हा. मी ओरडले, "बंद कर आधी ते! मेलेल्या बापाच्या तोंडी शब्द घालतेस?" उर्जा जर्मनमध्येच म्हणाली, "तुझ्याकडे सगळा जन्म आहे त्याचा. ओजसकडे काय आहे?" पोराचे जॅकेट हातात घेऊन ती तशीच निघाली. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

 तिला बापाची आठवण येते, एवढाच तिचा गुन्हा. पण ज्या शब्दासाठी माझा माणूस मरेपर्यंत झगडला, तो यंत्राने फुकट म्हणून टाकला. हे मला सोसत नाही.

५. उर्जाच्या फोनवर मी पाठवलेले निरोप आहेत. जेवलीस का, फोन का उचलत नाहीस, थंडी आहे, टोपी घाल. ते तिने खुशाल ठेवावेत. त्यांवरून माझ्या आवाजात एकही नवा शब्द तयार करू नये, ही अट आहे.

उर्जा, मी गेल्यावर फार आठवण आली आणि मी काहीच बोलत नसले, तर रड गं. ओजसला जवळ घे आणि त्याच्यादेखत रड. पापा गेल्यावर मी दार लावून एकटीच रडले, तुला कळूसुद्धा दिले नाही.

वरील सर्व मजकूर माझा, अक्षर माझे, हट्टही माझाच.

साक्षीदार (इथल्या कायद्याला लागत नाहीत, मला लागतात):
विभावरी खांबेटे, हॅम्बर्ग
राजाभाऊ खांबेटे, हॅम्बर्ग

सही: स्नेहलता याव आन्टवी
हॅम्बर्ग, १४ नोव्हेंबर २०२५