उजवीकडचं स्टेअरिंग

अण्णा, तुमची गाडी अजून माझ्याकडे आहे. सांगलीच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर ठेवली आहे. धूळ बसते म्हणून वरून जुनी ओढणी टाकलेली असते, कुणी यायचं असलं की मी ती काढते. मागच्या एका कोपऱ्यात पत्र्याला गंज धरलाय, तेवढं सोडलं तर तुम्ही ठेवलीत तशीच आहे. गेल्या महिन्यात तुमचे पलटणीतले दोस्त येऊन गेले, ते तासगावकडचे द्राक्षवाले काका. नातवाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. त्यांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही असतात तर त्याच दिवशी धावत येऊन सांगितली असती. पण ती सांगायची तर आधीचं सगळं नीट आठवायला हवं, नाहीतर तुम्ही मध्येच अडवून विचारणार, कुठली गाडी, कवाची गोष्ट.

आई गेल्यावर तुम्ही इस्लामपूरच्या घरात एकटेच राहायला लागलात. अर्धं आयुष्य फौजेत ट्रक चालवला, मग साखर कारखान्यात जीप, आणि तिथून सुटल्यावर लिलावातली एक जुनी जीप स्वतःसाठी घेतलीत. दादा पुण्यात नोकरीला, मी सांगलीत शाळेवर चित्रकला शिकवायला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी एसटी धरून तुमच्याकडे यायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची. तेव्हा तुम्हाला काही उद्योग उरला नव्हता, आणि उद्योग नसला की तुम्ही माझ्या स्वयंपाकात खोड्या काढायचात. एका शनिवारी मी कांदा चिरत होते, तुम्ही दारात येऊन म्हणालात, "पोरास्नी चित्रं काढाया शिकवतीस न्हवं? मग मला येक गाडी काढून दे." कसली गाडी म्हणून विचारलं, तर तुम्ही उंबऱ्यावरच बसलात आणि सांगायला लागलात. फौजेत असताना सरहद्दीवरच्या कुठल्याशा तळावर उघड्यावर पडदा बांधून इंग्रजी सिनेमा दाखवला होता. सिनेमाचं नाव ठाऊक नाही, नट कोण ते ठाऊक नाही, गोष्ट अर्धीच कळलेली, पण गाडी अख्खी पाठ. पिवळीधमक, दोनच दारं, बॉनेट हे एवढं लांब आणि त्यावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, मागची बाजू बसकी, आणि आवाज असा की मातीत बसलेल्या जवानांना खालून हादरे बसावेत. सुरुवातीलाच तिचा एक दिवा फुटतो आणि पुढचा सगळा सिनेमाभर ती एका डोळ्यानं पळते. तुम्ही तिला काणी म्हणायचात.

चित्र काढायला आम्हाला तीन-चार शनिवार लागले. तुम्ही सांगायचं, मी काढायचं, तुम्ही नाक मुरडायचं. त्यात माझीच शिकवणी झाली. गाडीची उंची तुम्ही नटाच्या कोपरावरून काढलीत, तो टपावर कोपर टेकून उभा राहायचा म्हणे. लांबी काढली ती तो बॉनेटपासून मागच्या टोकापर्यंत चालत जायचा त्या पावलांवरून. मग फुटाला एक इंच असं माप धरलं आणि बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून आधी एक कच्ची गाडी कापली. पुठ्ठा जमल्यावर गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा आणलात. मला अजून दिसतं: पडवीत तुम्ही पाटावर बसला आहात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, लाकडी ठोकळ्यावर पत्रा धरून लहान हातोडीनं ते वशिंड हळूहळू उचलताय. घाई केली की पत्रा फाटतो, म्हणून जेवायला हाक मारली तरी उठत नाही. चाकं रबरी चपलेच्या तळातून गोल कापलीत, काचा धुतलेल्या एक्स-रेच्या केल्यात, दिव्याला टॉर्चचे बल्ब. आणि कुठे अडलं की डोळे मिटून पाटावरच गाडी चालवायला लागायचात. उजव्या हातात हवेतलं स्टेअरिंग, डाव्या हातानं गिअर. स्टेअरिंग कुठल्या बाजूला हे मी एकदाच विचारलं. तुम्ही म्हणालात, "उजवीकडं. भायेरच्या गाड्यांचं डावीकडं असतंय ह्ये मला सांगू नगंस, मी असल्या जीपा चालवल्यात. म्हणून तर ध्येनात ऱ्हायलं. ह्येचं उजवीकडं हुतं, आन रस्त्यावरच्या समद्या गाड्या आपल्यावानी डाव्या अंगानं पळत हुत्या." मी मान डोलावली आणि काढलं.

त्याच सुमाराला दादाचा तुमच्यामागे लकडा सुरू झाला. तो काही वाईट हेतूनं नव्हे. दिवाळीला आला तेव्हा त्याला गॅस चालू आणि तुम्ही पडवीत गाडीला कानस मारताना सापडलात. त्याआधी कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाडीला जीप घासली होती. त्याला वाटायचं तुमचं डोकं आता साथ देत नाही, जीप विकावी, घराला कुलूप लावावं आणि तुम्ही पुण्याला येऊन राहावं. तुम्हाला त्या तीनही गोष्टी नको होत्या. पुण्याच्या दोन खोल्यांत खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायला मी काय ट्रॅफिक हवालदार आहे का, असं तुम्ही मला विचारायचात. दादापुढे एवढं लांबलचक बोलायचा नाहीत. त्याला फक्त म्हणायचात, "माझं डोकं ठीक हाय रं."

मग दादानंच आपणहून एक चांगलं काम केलं. त्याच्या कचेरीत एकजण इंग्रजी सिनेमांचा वेडा होता. काणा दिवा, पिवळी गाडी, एवढ्या खुणांवरून त्यानं सिनेमा ओळखला आणि दादा पुण्याच्या लायब्ररीतून कॅसेट घेऊन आला. तुमची गाडी नीट पुरी व्हावी, एवढंच त्याच्या मनात होतं. रंग तेव्हा नुकताच वाळला होता, तांब्याच्या तारेचं स्टेअरिंग उजवीकडे बसवून झालं होतं. दादानं गाडी हातात घेऊन फिरवली आणि हसत म्हणाला, "अण्णा, अमेरिकेतली गाडी आणि स्टेअरिंग इकडं?" त्यावर तुम्ही जे बोललात ते बोलायला नको होतं. तुम्ही म्हणालात, "लाव तुजी कॅसेट. डावीकडं निघालं तर जीपची किल्ली मी हून तुझ्या हातात देतो आन पुण्याला येतो. उजवीकडं निघालं तर परत माझ्या डोक्याचं नाव काडायचं न्हाई." दादा म्हणाला, कशाला असलं काही. पण तुम्ही शर्टाची बटणं लावून खुर्चीत ताठ बसलात, सिनेमाला निघाल्यासारखे.

व्हीसीआर भाड्यानं आणला होता. पहिली काही मिनिटं कुणी तरी दोघं बोलत होती, मग ती आली. वशिंड होतं, दोन दारं होती, बसकी मागची बाजू होती, पिवळा रंगही तुम्ही कालवला होता तोच. मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही हसत होतात. मग नट दार उघडून आत बसला, डावीकडे. गिअर त्यानं उजव्या हातानं टाकला. तुमचा डावा हात मांडीवरून उठला होता तो तसाच राहिला. फुटला तो दिवाही डावा, तुम्ही पत्र्याच्या गाडीचा उजवा फोडला होता. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या उजव्या अंगानं पळत होत्या. दादानं आवाज कमी केला आणि म्हणाला, "राहू दे अण्णा, एवढ्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं." तुम्ही सिनेमा संपेपर्यंत बसून राहिलात. मग उठून गाडीतून स्टेअरिंग उपटून काढलंत, खुंटीवरची किल्ली दादाच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तुजं खरं हाय. मला सपष्ट दिसत हुतं, तरी खोटं निघालं. आता माझ्यावर इस्वास ठेवू नगा."

तुम्ही पुण्यात दीड-दोन वर्षं काढलीत. दादानं आणि वहिनीनं तुम्हाला फुलासारखं जपलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तुम्ही बदललात. कुणी साधं विचारलं, अण्णा चहा झाला का, की आधी तुम्ही दादाकडे बघायचात आणि तो हो म्हणाला की हो म्हणायचात. एकदा मी तुम्हाला आईच्या माहेरच्या विहिरीबद्दल विचारलं, तर म्हणालात, "मला आठवतंय तसं असंलच असं न्हाई." ज्या माणसानं आयुष्यात कधी चुकलो म्हटलं नव्हतं, त्याच्या तोंडी ते ऐकून मला फार वाईट वाटलं होतं. राग यायचा तुमचा, की एका गाडीवरून एवढं कशाला. तुम्ही गेलात तेव्हा इस्लामपूरचं घर आवरताना ती गाडी मी उचलून आणली, बिनस्टेअरिंगची.

आता गेल्या महिन्यातलं. तुमचे दोस्त आता पार वाकलेत, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून जिना चढले. बसल्यावर नजर कपाटाकडे गेली आणि म्हणाले, "ही काणी न्हवं?" मी गाडी खाली काढून त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी वशिंडावरून बोट फिरवलं, काणा दिवा बघितला, आत डोकावले आणि विचारलं, "स्टेरिंग कुठं गेलं? उजवीकडं हुतं की." मी म्हणाले, नव्हतं काका, आम्ही कॅसेट बघितली, डावीकडे होतं. ते हसायला लागले. "आगं पोरी, डावीकडं फुडच्यांला. आमी पडद्याच्या मागं बसलो हुतो." मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. पुढच्या बाजूला खुर्च्यांवर साहेब लोक आणि त्यांची कुटुंबं, खाली सगळी पलटण. तुमची कानवाई, म्हणजे ट्रकांचा ताफा, उशिरा पोचली, समोर पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून तुम्ही दोघं आणि आणखी काहीजण पडद्याच्या पाठीमागे जाऊन मातीत बसलात. कापडातून सिनेमा आरपार दिसायचा, फक्त उलटा. "नंबरपट्टीवरची अक्षरं बी उलटी दिसत हुती, आमाला वाटलं विंग्रजी तसलंच आसंल. तुजा बा तर दोन दिस ट्रक चालवून आलेला, पर डोळा लवला न्हाई त्याचा. लय बारकाईनं बघत हुता." एवढं बोलून त्यांनी चहा बशीत ओतला आणि लग्नाला यायचं हं, म्हणाले.

ते गेल्यावर मी गाडी पुढ्यात घेऊन बसले. मला आनंद झाला, आणि मग रडू आलं. तुम्ही जे बघितलं होतं ते जसंच्या तसं ध्यानात ठेवलं होतं, एक दिवा की एक चाक इकडचं तिकडे झालं नव्हतं. तुमच्या डोक्यात काही बिघडलं नव्हतं. तुम्ही लगेच विचारणार हे मला ठाऊक आहे: मग बसलो कुठं हुतो त्ये कसं इसरलो? अण्णा, दमलेला माणूस अंधारात मिळेल तिथे टेकतो आणि समोर बघतो, आपण कुठे टेकलोय ते कोण लक्षात ठेवतं. गॅस तुम्ही विसरला होतात हे खरं, ते मी झाकत नाही. पण काणी तुम्ही विसरला नव्हतात, आणि तुम्ही स्वतःला मोडीत काढलंत ते काणीवरून.

दादा आता साठीच्या पुढे गेलाय, गुडघ्यांनी बेजार आहे. तुमच्या शेवटच्या आजारात त्यानं बिनपगारी रजा काढली होती, तुम्हाला आंघोळ घालायचा, नखं कापायचा, दाढी करायचा. अजूनही तुमचा विषय निघाला की तो म्हणतो, अण्णांचं डोकं शेवटी राहिलं नव्हतं, पण मी त्यांना एकटं पडू दिलं नाही. यातलं पहिलं खरं नाही, हे मला आता कळलंय. पण त्या पहिल्यावरच त्याचं दुसरं उभं आहे, आणि त्या दुसऱ्यावर तो उभा आहे. त्या संध्याकाळी मी त्याला फोन लावला. त्यानं उचलला, गुडघ्यांचं सांगितलं, सुनेच्या डोहाळजेवणाचं सांगितलं. मी पत्रिका आल्याचं तेवढं सांगितलं, पडद्यामागचं नाही. त्यालाही यायचं होतं, तुमच्या दोस्तांना एकदा भेटावं म्हणत होता. मी म्हणाले, एवढ्या लांब कशाला येतोस या पायांनी, मी दोघांच्या वतीनं जाऊन येते. परवा एकटीच जाऊन आले. आहेर केला, जेवले, आणि काका दादाची चौकशी करायला लागले तेव्हा विषय बदलला.

तुम्हाला हे पटणार नाही. चारचौघांत खरं काय ते बोलून टाकावं, असा तुमचा खाक्या. पण तुम्ही आता नाही आणि तो आहे. तुमची बाजू खरी होती, अण्णा, आणि मी दादाची घेतली.