उजव्या खांद्यावरचा पदर

राइट टाउन, जबलपूर. रविवार, संध्याकाळ.

चित्र जमले! कल्पना एवढीच: माझी पत्नी सुनंदा चहाच्या कपात बसून मोठ्या पळीने वल्हवते आहे. कप सकाळी खिडकीत कॅमेऱ्याने टिपला, तिला दुपारी गच्चीवर स्टुलावर बसवून. "एकदाच बसेन, शेजारचे हसून राहिले," असे तिने बजावले होते. म्हणजे दुसरी संधी नाहीच.

संगणकावर दोन्ही जोडताच चूक दिसली. कपावर उजेड डावीकडून, तिच्यावर उजवीकडून. मी, दशांशचिन्हही दोनदा तपासणारा माणूस, हे विसरलोच कसा? तिची प्रतिमा आरशातल्यासारखी उलटवली. सावल्या जुळल्या, पण पदर उजव्या खांद्यावर गेला! तासभर तो पदर पुसून डावीकडे रंगवत बसलो. त्याची चिंधी झाली.

तेवढ्यात तिने मागून पाहिले. "अहो, माझा पदर काहून फिरवून राहिले? कप फिरवा ना! त्याला कुठे पदर आहे?"

कप! तो इतका निर्दोष टिपला होता की त्याला हात लावण्याचे मनातही आले नाही. तिची मूळ प्रतिमा परत घेतली, कप उलटवला, त्याचा कान दुसऱ्या बाजूला गेला, पदर जागच्या जागी राहिला, आणि सुनंदा खरोखर चहात तरंगू लागली.

तिने पडद्याजवळ वाकून पाहिले. मग म्हणाली, "नाक तेवढं बारीक करून द्या. नाही तर पुन्हा बसवा मला."

नाक बारीक करणे मला येते. मी ते करणार नाही.