तीन फुटी टाकी, तिची माती आणि फिल्टर वहिनींच्या नावे

आज गुरुवार, दिनांक १९ ऑक्टोबर २०२३, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. मी मोरीत बसून, माशांच्या टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात फिल्टरचा स्पंज पिळत होतो, तेव्हा दवाखान्यातून फोन आला. पोटाचा रिपोर्ट चांगला आहे. बाबांना होते ते मला नाही. पित्ताशयात खडे आहेत, एवढेच. सोमवारी ऑपरेशन, बुधवारी घरी. मी विचारले, तरी मृत्युपत्र लिहून ठेवू का? डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, लग्नपत्रिका लिहायला घ्या."

मी तरीही लिहितो. बाबा काही न लिहिता गेले आणि दोन खोल्यांवरून आई आणि काका अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत.

खाली सही करणारा मी, वय सव्वीस, शिक्षण आठवी पास, काम काचेच्या दुकानात काच कापणे, हा कागद स्वतःच्या हाताने लिहितो. मला कोणी भरीला घातलेले नाही. मी कसलीही नशा करत नाही. ताप नाही, दोनदा पाहिला. दुकानात मला मिलीमीटर म्हणतात, यावरून माझे डोके ठिकाणावर असल्याची खात्री पटावी.

कलम १. दोन खोल्यांतला माझा हिस्सा आईला. तिच्या पश्चात दादाला. काकांना काही नाही. त्यांनी नेलेली बाबांची शिडी परत मागू नये, मात्र तिची तिसरी पायरी सैल आहे, हे त्यांना कोणीतरी सांगावे.

कलम २. पोस्टातली बचत आईला. पासबुक कपाटाच्या वरच्या खणात, बिलांच्या खाली आहे.

कलम ३. काच कापायची हिऱ्याची कटर दुकानातल्या डावखुऱ्याला. त्याने ती वापरल्यावर तेलात बुडवून ठेवावी. "ठेवतो रे" म्हणतो, पण ठेवत नाही.

कलम ४. बाहेरच्या खोलीतली छत्तीस इंच लांब, पंधरा इंच रुंद, सोळा इंच उंच टाकी, आतल्या झाडांसह, माशांसह, मातीसह आणि फिल्टरसह, वहिनींना.

दादा तिला डबके म्हणतो. ती विकू नये. ती कशी बनली ते लिहितो, म्हणजे कोणी "सुधारणा" करणार नाही.

पहिल्यांदा मी मासेवाल्या काकांचे ऐकून तळाला निळे खडे घातले. दिसायला झकास. पण त्यांच्यात मुळांना खायला काहीच नव्हते, दीड महिन्यात झाडे पिवळी पडली. मग त्यांनी पांढऱ्या संगमरवराचा चुरा देऊ केला. मी एक खडा घरी आणून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले, तर फेस आला. ज्याला फेस येतो तो दगड पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करतो. मासेवाले काका म्हणाले, "तू मासे पाळतोयस का शाळेतला प्रयोग करतोयस?" त्यांना मी या वाक्यासाठी माफ करतो, निळ्या खड्यांसाठी नाही.

आता खाली एक इंच बागेतली माती आहे. खत नसलेली, दोनदा चाळलेली. तिच्यावर दोन मिलीमीटर जाडीच्या कणांची वाळू, पुढे दोन इंच, मागे तीन. याहून बारीक वाळू दबून बसते आणि खाली सडते. झाड उपटायचे झाल्यास हळू उपटावे, नाहीतर माती वर येऊन पाणी चहासारखे होते.

फिल्टर टाकीखाली ठेवलेला डब्याचा आहे, तासाला सहाशे लिटर, म्हणजे टाकीतल्या पाण्याच्या पाचपट. आत आधी जाड स्पंज, मग बारीक, मग चिनीमातीच्या नळ्या. हा क्रम बदलू नये. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. दोन तासांहून जास्त वीज गेली तर डब्यातले शिळे पाणी फेकून मगच चालू करावा.

कलम ५. आता जे लिहायचे आहे त्यासाठीच हा कागद आहे. रिपोर्टची वाट पाहताना मला घरामुळे नाही, यामुळे झोप येत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांत माझे एकोणीस मासे मेले. त्याच आठवड्यात वहिनींनी फरशी फिनेलने पुसली होती. मी आई, दादा आणि शेजारच्या कंपाउंडरकाकांदेखत त्यांना म्हणालो, "तुमच्या स्वच्छतेपायी एकोणीस जीव गेले."

सहा महिन्यांनी हा नवा फिल्टर आणला. त्याच्या माहितीपत्रकात स्पंज नळाखाली धुतानाचे चित्र होते आणि त्यावर लाल फुली. नळाच्या पाण्यातल्या औषधाने स्पंजमधले चांगले जंतू मरतात, आणि माशांची घाण पचवायचे काम तेच जंतू करतात. मासे मेले त्या आठवड्यात मी जुन्या फिल्टरचा स्पंज नळाखाली, ब्रशने, पांढरा होईपर्यंत, तासभर धुतला होता. मासे मी मारले. हे मला दीड वर्ष माहीत आहे आणि मी गप्प बसलो.

(यापुढचे सगळे हे कलम लिहून झाल्यावर घडले. दुकानाचे मालक म्हणतात खाडाखोड केली तर संशय येतो, म्हणून सरळ खाली लिहितो.)

साक्षीला माणूस हवा होता म्हणून मी वहिनींना हाक मारली. मालक रिपोर्ट कळल्यावर घरी आले होते. ते म्हणाले, "ज्याला काही द्यायचं, त्याची साक्ष चालत नाही रे."

वहिनी मटार सोलत होत्या. "मला काय ठेवलंय भाऊजी? डबकं?"

मी कलम पाच त्यांच्या हातात दिले. तोंडाने सांगता आले नसते. त्यांनी ते दोनदा वाचले.

"दोन वर्षं मी या घरात नुसत्या पाण्याने फरशी पुसतेय," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचे गुडघे घसरतील म्हणून वर कोरडं फडकं. रोज. आणि तुम्ही दीड वर्षं बघताय?"

"चुकलं माझं."

"चुकलं काय! कंपाउंडरकाकांच्या बायकोने मला मासेमारीण नाव ठेवलंय!"

मालकांना हसू आवरेना. मग वहिनीही हसल्या, पण डोळे पुसत.

"मेलेल्या माणसाची टाकी मला नको," त्या म्हणाल्या. "सोमवारी तुमचं पोट फाडतील, बुधवारी घरी याल. गुरुवारपासून पाणी मी बदलणार. तुम्ही खुर्चीत बसून सांगायचं. ओरडायचं नाही. आणि कंपाउंडरकाकांना आज साक्षीला बोलवा, आधी हे कलम वाचू दे."

कंपाउंडरकाका आले, कलम वाचले, चष्मा काढून पुसला आणि घरी जाऊन बायकोला घेऊन आले. तिनेही वाचले.

तोवर वहिनी मोरीत माझ्या स्टुलावर बसल्या होत्या. स्पंज एकदा पिळला, दोनदा पिळला. "एवढंच?"

"एवढंच."

"अजून घाण आहे की यात."

"राहू दे."

त्यांनी राहू दिली.

कलम ६. टाकीचा हिशोब. निळे खडे व जुना फिल्टर, वाया गेले: १,६०० रुपये. काच व ती जोडायचे सिलिकॉन: १,८५०. नवा फिल्टर: ५,४००. माती व वाळू: २४०. झाडे: ९६०. मासे: ७००. एकूण खर्च १०,७५०. देणे: मालकांकडून घेतलेली उचल ३,००० रुपये, पगारातून कापून घ्यावी. मालक म्हणतात, ती पुढच्या महिन्यापासून कापेन, आधी बरा हो. दुसरे कोणतेही देणे आज माझ्याकडे उरलेले नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: मिलीमीटर (खरे नाव सहीत आहे)

साक्षीदार १: काचेच्या दुकानाचे मालक
साक्षीदार २: शेजारचे कंपाउंडरकाका

स्थळ: राहत्या घरी, बाहेरची खोली
दिनांक १९ ऑक्टोबर २०२३, संध्याकाळचे सहा वाजून पंचवीस मिनिटे