हद्दीवरचा ब्लॉक

हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम
मंगळवार, दुसऱ्या चहानंतर

माझे परममित्र आणि रुळांवरच्या शेजारच्या बीटचे माजी मालक धोंडिबा यांस आनंदा भोईर याचा कमरेपर्यंत वाकून रामराम. (त्याहून खाली वाकलो तर उठवायला सरस्वतीला यावं लागतं.)

तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि वहिनींचं ब्लडप्रेशर कसं आहे? मागच्या पत्रात तू याच क्रमाने लिहिलं होतंस म्हणून याच क्रमाने विचारतो, पण हे पत्र वहिनींना दाखवू नकोस. आम्ही उभयता बरे आहोत. परवा वाल सोलताना सरस्वतीने तुझी आठवण काढली आणि तू एका बैठकीत किती बिरडं संपवायचास ते शेजारणीला हातवारे करून सांगितलं. फोनच केला असता, पण गाड्यांच्या धडधडीत तुझा उजवा कान गेला आणि माझा डावा, त्यामुळे आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे दोन माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून केलेली भाषणं असतात. शिवाय हे प्रकरण फोनवर सांगण्यासारखं नाही. का ते पुढे कळेल.

तर धोंडिबा, माझं बीट जाणार होतं. निवृत्त माणसाचं कसलं आलंय बीट, रोज तपासायला नेमून दिलेले रूळ आता कुठे आहेत, असं तू म्हणशील. आमच्या इमारतींभोवती पेव्हर ब्लॉकचा चालायचा रस्ता आहे. बिल्डरने इमारती दोन टप्प्यांत बांधल्या. पहिल्या टप्प्यात आम्ही सेंट्रलमधून निवृत्त झालेली माणसं आलो आणि दुसऱ्या टप्प्यात नालासोपारा-विरारच्या खोल्या विकून वेस्टर्नवाले आले. (जन्मभर आम्हाला नाकं मुरडली आणि म्हातारपणी हवा खायला बदलापूरच सापडलं. असो.) दोघांची निवृत्त मंडळं वेगळी, कॅरम वेगळे, चहाच्या वेळा वेगळ्या आणि रस्ताही निम्मा निम्मा वाटलेला. आमच्या निम्म्याचा कीमॅन मी. रोज सकाळी साडेसहाला हातोडी घेऊन निघायचं, एकेक ब्लॉक ठोकून बघायचा, सैल निघाला की खाली वाळू भरून बसवायचा. तीस-एकतीस वर्षं रूळ जागेवर धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत चाललो, आता पाय घरात राहत नाहीत. सरस्वतीही म्हणते की मी दोन तास बाहेर असल्यामुळेच आमचा संसार टिकलाय. तेव्हा हे बीट गेलं असतं तर मी सकाळी उठून काय केलं असतं, हे मला खरंच ठाऊक नाही. तुझ्याजवळ म्हैस तरी आहे.

पलीकडच्या निम्म्याचा कीमॅन दौलतराव. हा वसईकडे रुळांवर तुझंमाझंच काम करत होता. उंच, किडकिडीत, मिशा बघितल्या तर निदान स्टेशनमास्तर वाटावा. चार वर्षांत आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नव्हतो. मी माझ्या बाजूने हद्दीपर्यंत यायचो, तो त्याच्या बाजूने यायचा, आणि दोघेही पाठ फिरवून परत जायचो. हद्दीवर बरोबर मधोमध एक ब्लॉक आहे, तो हलायचा. माझ्या मते तो त्याच्या बीटमध्ये होता आणि त्याच्या मते माझ्या. त्यामुळे चार वर्षं तो सुखाने हलत होता.

मग पेपरात बातमी आली. मुंबईच्या सगळ्या लोकल एका छत्राखाली आणाव्यात, सेंट्रल आणि वेस्टर्न हा भेद मिटवावा, रूळ कोणाचे नि गाड्या कोणाच्या हे एकदाचं ठरवून टाकावं, असं कोणीतरी सुचवलंय म्हणे. (असं दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी सुचवतं आणि पुन्हा कामाला लागतं.) आमचे अध्यक्ष चिंतामणी, जन्मभर तिकीट खिडकीच्या आत बसलेले, त्यांना आता मोकळी जागा दिसली की ठराव मांडावासा वाटतो. ते म्हणाले की सरकार करील तेव्हा करील, आपण दोन्ही मंडळांचं विलीनीकरण आधी करून दाखवू. वेस्टर्नच्या अध्यक्ष संजीवनीताई तिकीट तपासनीस होत्या, अजूनही समोरच्याकडे अशा बघतात की हात आपोआप खिशाकडे जातो. त्यांनीही होकार दिला. मग कोणाची टाप होती नाही म्हणायची?

पहिली सभा नावावरूनच अडली. आमचं म्हणणं 'मध्य-पश्चिम', त्यांचं म्हणणं 'पश्चिम-मध्य'. दीड तासाने चिंतामणींनी मोठं मन करून 'पश्चिम मध्य' मान्य केलं आणि पिशवीतून त्याच नावाचा तयार शिक्का काढला. मन मोठं करण्याच्या आदल्या दिवशीच ते उल्हासनगरला जाऊन आले होते. तिथल्या दुकानदाराने "साईं, शिक्क्यावर पॅड फ्री" म्हटल्यावर त्यांना धीर निघाला नव्हता. तेवढ्यात मागून कोणीतरी सांगितलं की पश्चिम मध्य नावाची रेल्वे आधीच आहे आणि ती जबलपूरला असते. चिंतामणींनी शिक्का परत पिशवीत टाकला. शेवटी नाव 'संयुक्त निवृत्त मंडळ' ठरलं आणि शिक्का चिंतामणींचा नातू चित्रांच्या वहीत उमटवतो. जबलपूरला कळवलेलं नाही.

पुढचे हाल विचारू नकोस. आमचा चहा साडेचारला, त्यांचा पावणेपाचला, म्हणून मध्य काढून चार सदतीस ठरवला. (त्यांची माणसं बरोबर चार सदतीसला हजर. आमची 'चार सदतीस म्हणजे पाच' हे जन्मापासून जाणतात. चहा रोज निम्म्यांना गार.) रस्ता सामाईक झाला, म्हणजे कोणाचाच उरला नाही. पूर्वी आपापला निम्मा जो तो झाडत होता. आता आमचे म्हणत की आज त्यांची पाळी, त्यांचे म्हणत की आज यांची. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं त्या रस्त्याचं झालं आणि आठ दिवसांत घोट्यापर्यंत पाला साचला. त्यात आम्ही लोक उजवीकडून फिरतो आणि ते डावीकडून. विलीनीकरणाच्या तिसऱ्या सकाळी दोन्ही अध्यक्ष वळणावर समोरासमोर आले. दोघांनीही वाट सोडली नाही. चिंतामणींच्या हातातली दुधाची पिशवी फुटली आणि संजीवनीताईंनी सवयीने त्यांना नाव, गाव, पत्ता विचारला.

हे सगळं मी लांबून, मजेत बघत होतो. मग माझीच पाळी आली. मंडळ एक, रस्ता एक, तर कीमॅन दोन कशाला, असा ठराव आला. मी आणि दौलतराव यांच्यातला एकच राहणार. त्यासाठी परीक्षा ठेवली. दोघांनी रविवारी सकाळी सगळा रस्ता तपासायचा आणि दोषांची यादी द्यायची, ज्याची नजर बारीक त्याला बीट. शनिवारी रात्री मी ताट तसंच ठेवून हातोडीचा दांडा घासत बसलो. सरस्वतीने बिरडं पुढे सरकवलं आणि नेहमीसारखं काही लागट बोलली नाही, यावरून माझी अवस्था तू ओळख.

रविवारी आम्ही तपासलं. मी सतरा दोष काढले. दौलतरावानेही सतरा काढले. चिंतामणींनी दोन्ही याद्या शेजारी धरल्या तेव्हा असं दिसलं की माझे सतराच्या सतरा त्याच्या निम्म्यात होते आणि त्याचे सतराच्या सतरा माझ्या. स्वतःच्या निम्म्यात दोघांनाही एक तडासुद्धा दिसला नव्हता. (आपला तो बाब्या. पण खरं सांगतो, माझ्या निम्म्यात खरोखरच नव्हता.) हद्दीवरचा तो हलता ब्लॉक मात्र कोणाच्याच यादीत नव्हता, कारण यादीत घेतला तर दुरुस्त करायची जबाबदारी आली असती.

चिंतामणी निकाल सांगायला उभे राहिले ते नेमके त्याच ब्लॉकवर. "माझ्या मते," एवढं म्हणाले आणि ब्लॉक कलंडला. ते बसले ते खालीच बसले. एका बाजूने मी धावलो, दुसऱ्या बाजूने दौलतराव धावला, दोघांनी बगलेत हात घालून त्यांना उचललं आणि एकाच वेळी एकमेकांना म्हणालो, "बीट तुमचं."

चार वर्षांतला तो आमचा पहिला संवाद. घोटा सुजलेला असूनही चिंतामणींनी विचारलं की मग रेल्वेत हद्दीवरच्या सांध्याचं काय करतात? आणि धोंडिबा, मला काय झालं कोण जाणे, वांगणीच्या अलीकडचं आपलं करंजाचं झाड डोळ्यांसमोर आलं. माझं बीट तिथे संपायचं आणि तुझं तिथे सुरू व्हायचं. मी ठामपणे सांगितलं की नियमच आहे, दोन बीटच्या दोन कीमॅननी रोज हद्दीवर भेटायचं, सांधा दोघांनी मिळून बघायचा आणि एकमेकांच्या वहीत सही करायची, एका माणसाने ते करताच येत नाही. संजीवनीताईंनी दौलतरावाकडे बघितलं. त्यांच्या त्या नजरेपुढे भलेभले खरं बोलून गेलेत. दौलतराव पापणी न हलवता म्हणाला, "वेस्टर्नला पण हाच नियम हाय."

ठराव मागे घेतला. चिंतामणींना अंबरनाथच्या हाडवैद्याकडे नेलं, आता ते काठी घेऊन उजवीकडूनच फिरतात. आम्ही दोघे रोज सात वाजता हद्दीवर भेटतो. त्याची बायको थर्मासमध्ये चहा देते, सरस्वती डब्यात तांदळाची भाकरी देते. वह्यांवर सह्या होतात. तो वसईच्या खाडीच्या गोष्टी सांगतो, त्यातल्या निम्म्या खोट्या असाव्यात, पण माझ्या गोष्टीही तो निमूट ऐकून घेतो. लोकल एक होतील तेव्हा होतील. मी सुखात आहे, धोंडिबा. वहिनींना नमस्कार, म्हशीला कुरवाळणे.

तुझा,
आनंदा

ता. क. एक राहिलं. असा नियम नाही, हे तुला माहीत आहेच. रात्रीच्या गस्तवाल्यांना हद्दीवर वह्या बदलाव्या लागायच्या, पण दिवसाच्या बीटला तिथे भेटून सही करा, असं आपल्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. चिंतामणींना आता पुरावा हवा आहे आणि मी तुझं नाव दिलंय. मंडळाच्या छापील कागदावर तुला पत्र येईल. त्याला तुझ्या हाताने उत्तर लिही की होय, नियम होता, आनंदा आणि मी तो बावीस वर्षं पाळला. खोटं लिहायला सांगतोय असं समजू नकोस, दुसरा अर्धा भाग तर खराच आहे.

ता. क. दुसरं. तो ब्लॉक आम्ही पहिल्याच दिवशी वाळू भरून पक्का बसवला. दुसऱ्या दिवशी दोघांनी ठोकून बघितला, हलेना. मग बोलायला काही उरेना. चहा लवकर संपला. त्या संध्याकाळी मी फिरायच्या निमित्ताने गेलो आणि माझ्या बाजूची थोडी वाळू उकरली, तर त्याच्या बाजूची आधीच उकरलेली होती. आता रोज सकाळी आम्ही दोघे तो हलतो म्हणून चकित होतो. हे चिंतामणींच्या पत्रात लिहू नकोस.

ता. क. शेवटचं. तुझ्या बीटच्या टोकाला, करंजाखाली, एक चावी होती. पक्की बसलेली. तरी तू मी येईपर्यंत ती ठोकत बसायचास, मला लांबून ऐकू यायचं. मी कधी विचारलं नाही. वळण आलं की तो आवाज कानावर यायचा आणि मी पाय उचलायचो. आता समजलं.