नाचिसाले आजींची साक्ष

३ जून
नोकरी कायम होणार, फक्त एका साक्षीवर. म्सिस्का साहेब म्हणाले, सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर गोंडवे तिथली मलेरियाची औषधं बाहेर विकतो, हे डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस आहे, नाचिसाले आजी. त्यांना कोर्टात उभं करायचं. सोपं आहे. शाळेच्या आधी बाबांनी घरीच शिकवलं, कुणाचं काही घ्यायचं नाही. लाचविरोधी खात्याची बाई कशी असते, ते गावाला दिसेलच.

५ जून
आजींनी कोंबडी कापली होती, मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा शिजवली होती. हात धुवायला पाणीही धरलं. मी नम्रपणे नको म्हटलं. साक्षीदाराचं जेवण ही लाचच. पाणीसुद्धा माझ्या बाटलीतलं प्यायले. आजींनी ताट झाकून ठेवलं. प्रभाव पडला.

९ जून
पुन्हा गेले. डबा गाडीत बसून खाल्ला. मला बघताच अंगणातल्या बायका उठून गेल्या. गुप्तता पाळतात बिचाऱ्या. आजी हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. म्हणजे हो.

१० जून, पहाटे
झोप नाही. गाडी आजींच्या आंब्याखाली उभी होती. साक्षीदाराची सावली घेतलेली चालते का?

सकाळी
साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तू तिथे जेवली नाहीस?" नाही म्हटलं, अभिमानाने.
"अगं, पाहुण्याने जेवण नाकारलं म्हणजे घरची बाई चेटकीण, अन्नात विष घालते, असं गाव धरतं. म्हातारीच्या घरावर दगड पडलेत. आत्ताच्या आत्ता जा आणि जेव."

दुपारी
गेले. आजी दारातच बसलेल्या. "चूल विझली, पोरी," एवढंच म्हणाल्या. मग सुचलं, त्या दिवशीच्या कोंबडीची भरपाई द्यावी. नोटा उंबऱ्यावर ठेवल्या, सगळ्यांसमोर, लपवाछपवी नको म्हणून. आता कुणाचं देणं नाही. साक्ष होणारच.

१७ जून
कोर्ट. गोंडवेच्या वकिलाने विचारलं, या बाईंनी पैसे दिले का? आजी हो म्हणाल्या. औषधं? काही पाहिलं नाही म्हणाल्या.
बाहेर मी त्यांचा हात धरला. खरं काय ते विचारलं.
"चोर आहेच तो. पण दगड पडत होते तेव्हा माझ्या अंगणात येऊन बसला. सगळ्यांसमोर माझ्या हातचं जेवला."

गोंडवे सुटला. माझ्यावर साक्षीदाराला लाच दिल्याची चौकशी बसली आहे. निदान ती तरी कसून व्हावी.